‘वीस कोटींना हरवून तुम्ही जन्माला आलात’, हे खरं आहे का?

चहाबाज_वारजे (धागाकर्ता):
आमच्या सोसायटीत गणपतीत एका मोटिव्हेशनल वक्त्यांचं भाषण ठेवलं होतं. पोरं पुढे सतरंजीवर, आम्ही मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. साहेबांनी सुरुवातच अशी केली की मित्रांनो तुम्ही जन्माच्या आधीच चॅम्पियन आहात, वीस कोटी शुक्राणू धावत होते, त्यात तुम्ही पहिले आलात, मग बोर्डाच्या परीक्षेला काय घाबरता! टाळ्याच टाळ्या. माझी मुलगी दहावीत आहे, ती घरी येऊन म्हणते बाबा, पण मी निम्मी तर अंड्यात होते ना, ते तर कुठे धावलंच नाही, मग मी पहिली कशी आले?

आता काय सांगणार. विज्ञान भाग २ मधला तो धडा शाळेत ‘घरी वाचून या’ म्हणून सोडून दिलाय, आमच्या वेळीही सोडला होता, त्यामुळे माझंही ज्ञान आकृतीतली नावं लिहिण्यापुरतंच. तर जाणकारांनी सांगा की हे नेमकं होतं कुठे, किती वेळात होतं आणि पहिला पोचणाराच जिंकतो हे खरं का. कृपया धाग्याचं काश्मीर करू नये, म्हणजे भांडणं नकोत.

पेठेतला_पोपट:
वीस कोटींत पहिला आलो आणि आज बँकेत टोकन घेऊन दीड तास बसलोय. कुठेतरी फॉर्म गेला बहुतेक.

सानिका_एस:
हसून हसून पुरेवाट, पोपटराव. बाकी प्रश्न भारीये, मलाही गर्भाशयातच होतं असं वाटायचं. वाचतेय.

लॅबवाली:
चहाबाज, मुलीला माझ्याकडून एक शाबासकी द्या. मी पुण्यात आयव्हीएफ लॅबमध्ये (शरीराबाहेर फलन करतात ती) एम्ब्रिऑलॉजिस्ट, म्हणजे गर्भाचं काम बघणारी, आहे त्यामुळे हा रोजचाच विषय. थोडक्यात उत्तर हवं असेल तर, सगळ्यात आधी पोचणारा बहुतेक वेळा हुकतो. सविस्तर हवं असेल तर वाचा, लांबणार आहे.

एका वेळच्या वीर्यात स्पर्म कोटींच्याच हिशोबात असतात, वीस कोटी आकडा काही चुकीचा नाही. पण त्यातले बहुतेक योनीतच संपतात कारण तिथलं वातावरण आम्लाचं असतं. त्यानंतर गर्भाशयाचं तोंड आणि तिथला चिकट स्राव. महिन्यातले बरेचसे दिवस हा स्राव इतका घट्ट असतो की कुणाला आत वाटच नाही, पण बीज फुटायच्या, म्हणजे अंडाशयातून अंडं बाहेर पडायच्या, आधीचे काही दिवस इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढलं की तोच पातळ आणि पारदर्शक होतो, दोन बोटांत धरून ताणला तर तार निघते. तेवढ्याच दिवसांत वाट मोकळी. वाकड्या शेपटीचे, दोन डोक्यांचे, जागच्या जागी फिरणारे इथेच गाळले जातात. आणि काही स्पर्म तिथल्या बारीक खाचांमध्ये जाऊन थांबतात, आणि थांबतात म्हणजे तासभर नाही, काही दिवस. चांगल्या स्रावात स्पर्म पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो.

आता ‘धावण्या’बद्दल. गर्भाशयाच्या स्नायूंमध्ये त्या दिवसांत बारीक लाटा चालू असतात, खालून वर. मंडईच्या स्टॉपला पीएमटीतून उतरताना आपण चालत नसतो, मागची गर्दीच आपल्याला दारापर्यंत आणून सोडते, तसं. संशोधकांनी अजिबात पोहू न शकणारे निर्जीव कण ठेवून पाहिले होते तर तेसुद्धा काही मिनिटांत वर गेले, आणि ज्या बाजूच्या अंडाशयात त्या महिन्याचं बीज तयार होत होतं त्या बाजूला जास्त गेले! म्हणजे निर्जीव कणही ‘पहिला’ येऊ शकतो. वक्त्यांना हे सांगा.

आणि जे स्पर्म असे मिनिटांत ट्यूबमध्ये, म्हणजे अंडाशय आणि गर्भाशय यांच्यामधल्या नळीत, पोचतात त्यांचा उपयोग होत नाही, कारण ताज्या स्पर्मला अंड्यात शिरताच येत नाही. बाईच्या शरीरात काही तास राहून त्याच्या बाहेरच्या आवरणात बदल व्हावे लागतात, कोलेस्टेरॉल निघून जावं लागतं, तेव्हा कुठे तो तयार होतो. याला कपॅसिटेशन म्हणतात. १९५१ मध्ये अमेरिकेत चँग आणि ऑस्ट्रेलियात ऑस्टिन यांनी आपापलं स्वतंत्रपणे हे शोधलं. त्याआधी लोक ताजे स्पर्म आणि अंडी काचेच्या बशीत एकत्र ठेवून बघत बसायचे आणि काही होत नाही म्हणून हैराण व्हायचे. सगळे एकदम तयार होत नाहीत, थोडे आत्ता, थोडे नंतर, आणि तयार झालेलाही फार काळ तसा राहत नाही. त्यामुळे वेळेवर तयार असणं महत्त्वाचं, लवकर येणं नाही.

लॅबमधून बोलावतायत, अंड्याचं राहिलंय, रात्री लिहिते.

पेठेतला_पोपट:
पीएमटी नाही ताई, पीएमपीएमएल. बाकी प्रतिसाद एक नंबर.

सानिका_एस:
वाचनखूण साठवली आहे. पण लॅबवाली ताई, ट्यूबमध्ये किती पोचतात मग शेवटी?

आजोबा_नळस्टॉप:
आमच्या काळी हे सगळं बोलायचीसुद्धा चोरी. र. धों. कर्वे मुंबईत बसून १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते, त्यात हेच विषय, आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. वडिलांच्या, म्हणजे महर्षी कर्व्यांच्या नावाचं आपल्याकडे अख्खं कर्वेनगर, मुलाचं नाव मात्र लोकांना आठवावं लागतं.

इतिहासाची एक भर. स्पर्म सापडला १६७७ मध्ये, लेव्हेनहूकच्या सूक्ष्मदर्शकातून. सस्तन प्राण्याचं अंडं मात्र फॉन बेअरला कुत्रीच्या अंडाशयात दिसलं ते १८२७ मध्ये. दीडशे वर्षं फक्त बापाची बाजू दिसत होती, त्यामुळे स्पर्मच्या डोक्यात हातपाय दुमडून बसलेला इवलासा माणूस असतो अशीही चित्रं लोकांनी काढली. तुमचे वक्ते अजून त्याच काळात आहेत.

चहाबाज_वारजे:
आजोबा जबरदस्त. हे ‘दीडशे वर्षं बापाची बाजू’ बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली फक्त दीडशे?

लॅबवाली:
आले. @सानिका, फार तर काहीशे. वीस कोटींमधले काहीशे अंड्याच्या आसपास पोचतात.

तर अंड्याची बाजू. दर महिन्याला अंडाशयात एक फॉलिकल, म्हणजे अंडं असलेली पाण्याची पिशवी, मोठं होतं, साधारण १८ ते २४ मिलिमीटर झालं की फुटतं आणि अंडं बाहेर येतं. सोनोग्राफीवाले डॉक्टर ‘रप्चर झालं’ म्हणतात ते हेच. ट्यूब अंडाशयाला घट्ट जोडलेली नसते बरं का, आकृतीत तसं वाटतं पण मध्ये मोकळी जागा असते. ट्यूबच्या टोकाला पातळ बोटं असतात, ती बीज फुटायच्या वेळी अंडाशयावर फिरतात आणि अंडं आत ओढून घेतात. एका बाजूची ट्यूब नसेल तर कधी कधी दुसऱ्या बाजूची ट्यूब पलीकडच्या अंडाशयातलं अंडं उचलते, अशा बायकांना दिवस राहिलेत.

अंड्याला स्वतःला हलता येत नाही. ट्यूबच्या आतले बारीक केस आणि स्नायू त्याला पुढे नेतात, आणि ट्यूबच्या बाहेरच्या, जरा रुंद भागात ते थांबतं. फलन तिथे होतं, गर्भाशयात नाही. आणि वेळ थोडाच, बीज फुटल्यापासून १२ ते २४ तास. म्हणून आधीपासून येऊन थांबलेले स्पर्म जास्त उपयोगाचे. संबंध सोमवारी आणि फलन गुरुवारी, असं अगदी सहज होऊ शकतं. तुमचे वक्ते ज्याला शर्यत म्हणतात त्यात निम्मा वेळ सगळे बसून असतात.

अंड्याभोवतीच्या पेशी प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन सोडतात, ते जाणवलं की तयार स्पर्मची शेपटी जोरात, वेडीवाकडी आपटायला लागते. २०२० मध्ये स्वीडन आणि इंग्लंडमधल्या संशोधकांचं एक काम आलं होतं, अंड्याभोवतीचा द्रव वेगवेगळ्या पुरुषांच्या स्पर्मना कमी-जास्त ओढतो असं त्यात दिसलं, आणि गंमत म्हणजे ओढ नवऱ्याच्याच स्पर्मची जास्त असेल असं काही नव्हतं.

पेठेतला_पोपट:
म्हणजे छत्तीस गुण जुळूनही अंड्याचं मत वेगळंच. कठीण आहे.

रिटायर्ड_बायॉलॉजी:
लॅबवाली यांच्याशी सहमत, पण एक दुरुस्ती सुचवतो, नाहीतर लोक दुसऱ्या टोकाला जातील. सगळं नशीब असंही नाही. वाटेत गाळणी आहेतच, तुम्हीच लिहिलंय. ज्याचा आकार बिघडलाय, ज्याला पोहताच येत नाही, तो शेवटच्या काहीशेंमध्ये सहसा नसतो. मुलांना मी असं सांगायचो की निवड होते पण ‘नापास बाहेर’ अशी होते, ‘पहिला नंबर’ अशी होत नाही.

लॅबवाली:
सर अगदी मान्य. त्या काहीशेंमधून पुढे मात्र कोण, ते त्या क्षणी कोण तयार होता आणि कुठे होता यावरच.

आता शिरण्याचं सांगते. अंड्याभोवती एक जाड पारदर्शक कवच असतं, झोना. स्पर्मच्या डोक्यावरची टोपी फुटते, त्यातली एन्झाइम्स आणि शेपटीचा जोर यांच्यावर तो कवचातून तिरका घुसत जातो. आत अंड्याच्या पृष्ठभागावर दोन प्रथिनं एकमेकांना धरतात, स्पर्मवरचं इझुमो आणि अंड्यावरचं जुनो. इझुमो जपानमध्ये २००५ ला सापडलं आणि त्याची जोडीदार २०१४ ला इंग्लंडमध्ये, नऊ वर्षं स्थळ शोधत होते. चिकटल्यावर पुढचं काम अंड्याचं, ते स्पर्मला आत घेतं. आणि लगेच जुनो पृष्ठभागावरून काढून टाकतं, कवच कडक करतं, म्हणजे दुसरा आत यायला नको. दोन शिरले तर गुणसूत्रं जास्त होतात आणि तो गर्भ टिकत नाही.

आणि एक, अंडं तोपर्यंत पूर्ण तयार नसतंच! त्याचं शेवटचं विभाजन मध्येच थांबलेलं असतं. स्पर्म आत आला की अंड्यात कॅल्शियमच्या लाटा उठतात आणि मग ते आपलं राहिलेलं काम पुरं करतं, जास्तीची गुणसूत्रं एका छोट्या पेशीत घालून बाहेर टाकतं, स्वतःकडे २३ ठेवतं.

हे मी रोज सकाळी बघते. आदल्या दिवशी अंडी आणि स्पर्म एकत्र ठेवलेले असतात, १६ ते १८ तासांनी बशी मायक्रोस्कोपखाली घ्यायची. गोलाच्या मधोमध दोन छोटी वर्तुळं शेजारी शेजारी टेकलेली दिसतात, एक आईकडचं, एक बाबांकडचं, त्यांच्या आत बारीक ठिपके, आणि कडेला टाकून दिलेल्या दोन छोट्या पेशी, एक आधीची, एक आत्ताची. दोन वर्तुळं म्हणजे नॉर्मल फलन. तीन दिसली तर तो गर्भ बाजूला, वापरत नाही. आणि काही तासांनी बघाल तर वर्तुळं गायब, गुणसूत्रं एकत्र यायला लागलेली असतात, आणि साधारण दिवसभरात त्या एका पेशीच्या दोन झालेल्या असतात. माझ्याकडे नवीन ट्रेनी आली की मी तिला पहिल्यांदा हेच दाखवते, बोलत काही नाही.

सत्यशोधक_सिंहगड:
मॅडम, व्हॉट्सॅपवर एक व्हिडिओ आहे, फलनाच्या क्षणी अंड्यातून प्रकाश पडतो, तोच आत्मा शिरल्याचा पुरावा. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीने सिद्ध केलंय म्हणे. आमच्या वॉकिंग ग्रुपवर तर रोज येतो.

लॅबवाली:
तो व्हिडिओ खऱ्या प्रयोगाचा आहे, खालची ओळ कुणीतरी जोडलेली आहे. नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीचा २०१६ चा प्रयोग. अंडं जागं झालं की जस्ताचे, म्हणजे झिंकचे, अब्जावधी अणू बाहेर फेकतं. हे जस्त डोळ्यांना दिसत नाही, त्यांनी द्रवात असा रंग घातला होता जो जस्ताला चिकटला की चमकतो, म्हणून उजेड दिसला. रंग नाही तर उजेड नाही. आणि त्या मानवी अंड्यांच्या प्रयोगात स्पर्म वापरलाच नव्हता, अंडी रसायन वगैरे देऊन जागी केली होती. त्यामुळे फलनाचा क्षण त्यात नाहीच.

सत्यशोधक_सिंहगड:
ओके. ग्रुपवर टाकतो हे, पण ॲडमिन काढून टाकेल.

किमया_के:
फलन झाल्यावर लगेच गर्भ चिकटतो का? माझी वहिनी म्हणते तिला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.

लॅबवाली:
दुसऱ्या दिवशी कुणालाच कळू शकत नाही किमया, तेव्हा तो जेमतेम दोन पेशींचा असतो आणि ट्यूबमध्येच असतो. तिसऱ्या दिवशी आठेक पेशी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी गर्भाशयात उतरतो, पाचव्या दिवशी आत पोकळी झालेला ब्लास्टोसिस्ट, मग कवच फोडून बाहेर येतो आणि सहाव्या दिवसापासून पुढे अस्तराला चिकटायला लागतो. चिकटल्यावर एचसीजी हे हार्मोन तयार होतं, प्रेग्नन्सी टेस्ट तेच पकडते. म्हणून पाळी चुकायच्या आधी घाईने टेस्ट करून रडत बसू नये, थांबावं.

कधी कधी तो ट्यूबमध्येच चिकटतो. पाळी चुकलीय, टेस्ट पॉझिटिव्ह, एका बाजूला ओटीपोटात जोरात दुखतंय, चक्कर येतेय, खांद्यात दुखतंय, असं झालं तर धाग्यावर विचारू नका, तडक हॉस्पिटल गाठा. ट्यूब फुटली तर आत रक्तस्राव होतो.

माई_कसबा:
आमच्या घरात तीन मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या सासवा मी पाहिल्यात. स्पर्ममध्ये एक्स आला की मुलगी, वाय आला की मुलगा, अंड्यात कायम एक्सच. एक्स-वायचा हा हिशोब कीटकांमध्ये १९०५ सालीच दिसला होता. तरी अजून ‘अमुक दिवशी राहिलं की मुलगा’ असले तक्ते फिरतायत.

रिटायर्ड_बायॉलॉजी:
माई, आणि ‘वायवाले स्पर्म हलके म्हणून जोरात पळतात’ हेही त्याच तक्त्यांमधलं. नीट मोजून पाहिलं तेव्हा तसं काही ठरलं नाही. लिंग निवडून देतो म्हणणारा कुणी भेटला तर १९९४ चा कायदा आहे, तक्रार करावी.

चहाबाज_वारजे:
मुलीला सगळं वाचायला दिलं. तिचा पुढचा प्रश्न: लॅबमध्ये एकच स्पर्म सुईने अंड्यात सोडतात ना, मग त्या मुलांनी कुणाला हरवलं?

लॅबवाली:
कुणालाच नाही. त्याला इक्सी म्हणतात, ब्रसेल्समधल्या टीमने १९९२ मध्ये त्यातून राहिलेली पहिली गर्भारपणं जाहीर केली. आम्ही मायक्रोस्कोपखाली बऱ्या आकाराचा, हलणारा स्पर्म निवडतो, सुईने त्याची शेपटी दाबून त्याला हलायचा बंद करतो, आणि मगच आत सोडतो. म्हणजे शर्यत तर सोडाच, आम्ही त्याला आधी थांबवतो. ती मुलं झकास आहेत, काही तर आता कॉलेज संपवून नोकरीला लागलीत.

आणि तिला अजून एक सांगा. ती निम्मी ज्या अंड्यात होती ते अंडं काही ऐन वेळी तयार झालेलं नाही, तिची आई आजीच्या पोटात होती तेव्हाच ते तयार व्हायला लागलं होतं. बाबांकडचा निम्मा भाग फलनाच्या आधी अडीच-तीन महिन्यांत बनलेला. पेशीतली ऊर्जा देणारी मायटोकॉन्ड्रिया, ती तर सगळी आईकडचीच, बाबांकडची आत आल्यावर मोडीत काढली जातात.

चहाबाज_वारजे:
हे वाचून आजी आणि नात दोघी माझ्याकडे अशा बघतायत की मी पाहुणा आहे.

अनामिका_पिंपळेसौदागर:
बाकीच्यांच्या गमतीत मध्येच विचारते, सॉरी. लग्नाला दीड वर्ष झालं, माझं वय ३१. मिस्टर मुंबईला असतात, शनिवार-रविवारच येतात. पाळी साधारण ३२ दिवसांनी. सासूबाई म्हणतात चौदावा दिवस धर. तो दर वेळी शनिवारी कसा येणार? आमचा काही चान्स आहे का असं?

लॅबवाली:
अगं सॉरी काय त्यात. चान्स आहे. चौदावा दिवस २८ दिवसांची पाळी असेल तर. बीज साधारण पुढची पाळी यायच्या १४ दिवस आधी फुटतं, म्हणजे तुझं अठराव्याच्या आसपास, आणि त्यातही एक-दोन दिवस पुढेमागे. दिवस राहू शकतात ते बीज फुटायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, मिळून सहा. म्हणजे अठरावा दिवस मंगळवारी येत असेल तरी आधीचा शनिवार-रविवार चालतो, स्पर्म तिथे थांबून राहतील. तो शुक्रवारी येत असेल तर मात्र गडबड, आधीचा रविवार पाच दिवस मागे जातो आणि नंतरच्या शनिवारपर्यंत अंडं बहुतेक संपलेलं असतं. अशा महिन्यात मिस्टरांना मधल्या वारी एखादी रजा टाकायला सांग, किंवा तू जा मुंबईला. तो तार निघणारा स्राव दिसायला लागला की तेच दिवस, कॅलेंडरपेक्षा त्याच्यावर जास्त भरवसा ठेव.

पण दीड वर्ष झालंय तर आता नुसते दिवस मोजत बसू नका. ३५ च्या आत एक वर्ष आणि ३५ च्या पुढे सहा महिने प्रयत्न करून राहिलं नाही की दोघांनी डॉक्टरांकडे जायचं. दोघांनी. तुझ्या ट्यूबची तपासणी वगैरे नंतर, आधी मिस्टरांची सिमेन टेस्ट, म्हणजे वीर्याची तपासणी, सगळ्यात सोपी आणि स्वस्त तीच, आणि आपल्याकडे सगळ्यात शेवटी करतात तीही तीच.

अनामिका_पिंपळेसौदागर:
थँक्यू ताई. ते तयार आहेत टेस्टला, पण लॅबमध्ये द्यायला लाजतात. घरून सॅम्पल नेलं तर चालतं का? लॅब डेक्कनला आहे.

लॅबवाली:
चालतं, पण आधीच्या वीर्यपतनानंतर दोन ते सात दिवसांचा गॅप हवा, लॅबनेच दिलेल्या डबीत घ्यायचं, डबी अंगाजवळ ठेवून आणायची, फ्रीजमध्ये नाही, आणि तासाभराच्या आत पोचलं पाहिजे. पिंपळे सौदागरहून डेक्कन सकाळी नऊला? युनिव्हर्सिटी चौकातच तास जाईल. त्यांना म्हणावं लॅबमध्येच द्या, खोली वेगळी असते, कुणी बघत नाही.

पेठेतला_पोपट:
नाहीतर सकाळी सहाला निघा. त्या वेळी खरंच पहिले पोचाल.